मुळशीचा वानोळा

श्रोतेहो, डोहाळे कशाचे लागावेत याला काही नियम नसतो. माझ्या आईला म्हणे पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. आमच्या हिला पहिल्या खेपेला कैरी सोडून काही गोड लागत नव्हतं. आमच्या लेकीला मात्र डोहाळे लागले ते चीजचे. तेही साधंसुधं नाही, कच्च्या दुधाचं.

लेक सहा वर्षं फ्रान्समध्ये, लियों शहरात होती. २०२३ च्या भाद्रपदात ती पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी आली, तेव्हा तिला सहावा महिना सरत आला होता. हिनं तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांपासून ओल्या नारळाच्या करंज्यांपर्यंत सगळं केलं. लेकीनं ते कौतुकानं खाल्लं. आणि एके दिवशी दुपारी झोपाळ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, तिकडे एक चीज मिळतं. वरून पांढऱ्या बुरशीचं आणि आतून मऊ, जवळजवळ वाहणारं. कच्च्या दुधाचं असतं. त्याला गोठ्याचा वास येतो. तो वास मला सारखा आठवतोय. तुम्ही सगळं आयुष्य दुधात काढलंत. एवढं शोधून द्याल?"

आता यातली गंमत तुमच्या लक्षात यावी म्हणून माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी एकतीस वर्षं दूध तपासण्याचं काम केलं. सकाळी संकलन केंद्रावर येणाऱ्या दुधाची फॅट आणि डिग्री बघायची, पाणी आहे का, सोडा आहे का, साखर आहे का ते बघायचं. पण प्रयोगशाळेतली माझी मुख्य तपासणी वेगळीच होती. दूध नीट तापलं आहे की नाही, हे बघणं.

दूध ६३ अंशांवर तीस मिनिटं किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवलं, की त्याचं पाश्चरीकरण झालं असं आपण म्हणतो. आता यंत्र बरोबर चाललं की नाही हे कसं कळायचं? निसर्गानं त्याची सोय करून ठेवली आहे. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचं एक विकर असतं. रोग निर्माण करणारे जंतू ज्या तापमानाला मरतात, त्याच्या जरासं पुढं गेलं की हे विकरही नष्ट होतं. म्हणून तापवलेल्या दुधाच्या नळीत एक रसायन घालून ती कोमट ठेवायची. दूध पिवळं झालं तर विकर जिवंत आहे, म्हणजे दूध नीट तापलेलं नाही. पांढरंच राहिलं तर पास. एकतीस वर्षं मी त्या नळ्यांकडे पिवळा रंग दिसतो का म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. आणि निवृत्तीनंतर त्याच माणसाच्या लेकीला हवं होतं ते नळी पिवळी करणारं चीज!

हे चीज वाईट असतं अशी समजूत मात्र करून घेऊ नका. युरोपातली कित्येक नामांकित चीजं कच्च्याच दुधाची आहेत. फ्रान्सचं रोकफोर, इटलीचं पार्मिजानो ही शतकानुशतकं तशीच होत आली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की दूध तापवलं की त्यातले वाईट जंतू मरतात तसे चांगलेही मरतात. त्या कुरणातल्या गवताची, त्या गोठ्याची, त्या ऋतूची जी जिवाणूंची वस्ती दुधात असते ती पुसली जाते. मग बाहेरून पुडीतलं विरजण घालावं लागतं. चव स्वच्छ येते, पण सगळीकडे सारखी येते. यात तथ्य आहे. आपल्या घरचं विरजण आणि शेजारच्या घरचं विरजण यांच्या दह्यात फरक असतोच ना? तसंच हे.

पण आपल्याकडे नियम स्पष्ट आहे. विकायचं चीज करायला वापरलेलं दूध निदान पाश्चरीकरणाइतकं तापवलेलं असलं पाहिजे. कुणाला वाटेल, गवळी तर दारात कच्चं दूध घालतो, ते चालतं आणि चीज का नाही? कारण उघड आहे. दूध घरात आलं की आपण ते उकळतो. चीज कोणी उकळत नाही. गवळ्याच्या कच्च्या दुधाचं पाश्चरीकरण आपल्या घरातली बाई रोज सकाळी गॅससमोर उभी राहून करते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

हे सगळं मला माहीत होतं. गरोदर बाईनं असलं मऊ, कच्च्या दुधाचं चीज खाऊ नये हेही माहीत होतं. तरी मी शोधायला निघालो. डोहाळे पुरवावेत असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यातून लेक म्हणाली होती की तुम्ही आयुष्य दुधात काढलंत. आधी शोधू तर खरं, द्यायचं की नाही ते मग बघू, अशी मी मनाची समजूत घातली. अशा समजुतीनंच माणूस बहुतेक चुका करतो.

पहिल्यांदा कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथं परदेशी चीजचं अख्खं कपाट होतं. मी एकेक खोका चष्मा वर करून वाचत गेलो. मालक हसून म्हणाले, "काका, सगळ्यांवर पाश्चराइज्ड लिहिलेलं आहे. दुसरं मी ठेवतच नाही." पुण्याला चीज नवं नाही. एबीसी फार्म्ससारख्यांनी इथं कित्येक वर्षं तऱ्हेतऱ्हेची चीजं केली आणि पुणेकरांनी ती चवीनं खाल्ली. पण मला हवं होतं ते दुकानात मिळणार नाही हे तिथंच कळलं. ते मिळालं तर गोठ्यातच मिळणार.

म्हणून मी मुळशीचा रस्ता धरला. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड. हा तालुका मोठा मजेदार आहे. एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या डोंगरावरचे धनगरवाडे. मध्ये ते धरण, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. भाद्रपदात सगळीकडे भाताची हिरवी खाचरं आणि डोंगरावर ढग उतरलेले. गुरांना गवत मुबलक. दुधाला याहून चांगला मुलूख कुठला?

पौडला चहाच्या टपरीवर एका गवळीदादांना विचारलं, "इथं कुणी चीज करतं का?" ते किटली खाली ठेवून म्हणाले, "त्ये पिझ्झ्यावरचं व्हय? त्ये हिंजवडीत मिळंल." सगळी टपरी हसली, मीही हसलो. मग पुढं माले, ताम्हिणीकडे गेलो. रस्त्यापासून वर चढून एका धनगरवाड्यावर पोचलो. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांना मी समजावून सांगितलं की दूध फाडून त्याचा गोळा करतात, मीठ लावून मुरवतात, त्यावर बुरशी येऊ देतात. आजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नासल्यालं दूध आम्ही कुत्र्याला घालतो, बाबा."

मी विचारलं, "आणि कच्चं दूध? ते तुम्ही पीत असालच."

"कच्चं वासराचं. मान्साचं तापवून." असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला गरम दुधाचा पेला दिला. वर बोटभर साय होती.

उतरताना मी विचार करत होतो की सह्याद्रीच्या माथ्यावर शेकडो वर्षं म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांनी चीज का केलं नाही? मला वाटतं, त्यांना गरजच पडली नाही. दूध टिकवायची त्यांची रीत वेगळी होती. दूध तापवायचं, विरजायचं, घुसळायचं, लोणी काढायचं. ताक घरात प्यायचं आणि लोणी-तूप घाटाखाली नेऊन धान्य आणायचं. युरोपातल्या गुराख्यानं दूध मुरवून टिकवलं, आपल्यानं कढवून टिकवलं. आपल्या देशात कच्च्या दुधाचं चीज नाहीच असं मात्र नाही. जम्मूकडच्या डोंगरात कलाडी करतात, ती परंपरेनं कच्च्या दुधाचीच. पण ती खाताना तव्यावर परततात. म्हणजे विस्तव चुकत नाही, आधी नाही तर नंतर.

आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक पूर्वीपासून आहे, हे मी नाकारत नाही. पण ते कौतुक बोलण्यात जास्त आणि स्वयंपाकघरात कमी. आपल्या स्वयंपाकघरात दूध येतं ते थेट विस्तवावर.

तिसऱ्या फेरीत मला हवं ते सापडलं. कोळवणच्या खोऱ्यात एक दांपत्य राहतं. शहरातली नोकरी सोडून आलेलं. आठ गाई, थोडी भाताची खाचरं, घराला लागून गोठा. त्यांचं नाव-गाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच आहेत आणि भली आहेत. कुणाकडून तरी कळलं की ती घरापुरतं चीज करतात.

ताईंनी मला सगळं दाखवलं. धार काढलेलं दूध तसंच पातेल्यात घेतात, त्यात आदल्या खेपेची थोडी निवळी घालतात, मग वनस्पतीज रेनेट. तासाभरात दूध दह्यासारखं लागतं. त्याच्या सुरीनं वड्या पाडतात, निवळी गळू देतात, भोकाच्या भांड्यात भरून वर वजन ठेवतात. दहा लिटर दुधाचं जेमतेम सव्वा किलो चीज होतं. जुन्या फ्रिजला तापमानाचा काटा बसवून त्यात लाकडी फळीवर त्या ढेपा ओळीनं मांडलेल्या. रोज उलटायच्या, मिठाच्या पाण्यानं पुसायच्या. ढेपांवर पांढरी बुरशी मखमलीसारखी चढलेली. फ्रिजचं दार उघडलं आणि लेक म्हणाली होती तो वास आला. ओल्या गवताचा, गोठ्याचा, थोडा अळंबीचा.

त्यांनी एक फोड कापून हातावर ठेवली. मी ती खाल्ली. श्रोतेहो, खोटं कशाला बोलू, एकतीस वर्षांत दुधाची अशी चव मी पाहिली नव्हती.

मी किंमत विचारली. ताई एकदम गंभीर झाल्या. "विकत नाही आम्ही, काका. विकता येत नाही. घरी खातो आणि जवळच्यांना देतो." दादा म्हणाले, "लेकीचे डोहाळे म्हणताय ना? मग वानोळा म्हणून घेऊन जा." आणि त्यांनी पाच आठवडे मुरलेली एक छोटी ढेप फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

वानोळा हा शब्द अलीकडे कमी ऐकू येतो. शेतात नवं पीक आलं, झाडाला पहिली फळं लागली, की त्यातलं शेजारीपाजारी द्यायचं. त्याला किंमत नसते आणि नाही म्हणायचंही नसतं. मी गाडीत बसलो तेव्हा मोठ्या खुशीत होतो. कायदा विक्रीला आडवा येतो, वानोळ्याला कुठला कायदा? असा विचार करत पिरंगुटच्या घाटापर्यंत आलो. आणि तिथं वाहतूक तुंबली. गाडी अर्धा तास जागच्या जागी उभी. पिशवीतून तो वास येत होता. आणि मला एक माणूस आठवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या एका तालुक्यात मी संकलन केंद्रावर होतो. तिथं एक शेतकरी रोज सहा लिटर दूध घालायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, "सायेब, मी सकाळी पेलाभर दूध कासंखालीच पितो. चालतंय न्हवं?" मी डिग्री बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "घरची गाय आहे. काय होतंय?"

पुढच्या वर्षी त्यांचं दूध यायचं थांबलं. संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, पाठ आणि सांधे धरायचे. आठ दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. हिवताप म्हणून औषध झालं, विषमज्वर म्हणून झालं, क्षयाची शंका आली. चार-पाच महिन्यांनी पुण्यात एका डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या गोठ्यात एवढ्यात कुठली गाय गाभडली होती का? गाभडली होती. रक्ताची तपासणी झाली आणि ब्रुसेलोसिस निघाला. सहा आठवडे दोन-दोन औषधं घेऊन ते बरे झाले. पण सुगी गेली आणि बैलजोडीतला एक बैल विकावा लागला. कदाचित गाभडलेल्या गाईची वार हातानं काढताना त्यांना लागण झाली असेल, तसंही होतं. कदाचित त्या पेल्यातून. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. माझं ते वाक्य त्यांच्या लक्षातही नसेल. माझ्या आहे.

या रोगाची जुनी कहाणी सांगण्यासारखी आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच उलटसुलट ताप यायचा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून हे कळेना. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो शेळ्यांच्या रक्तात आणि मग दुधात सापडला. शेळ्या दिसायला अगदी धडधाकट होत्या. सैनिकांचं कच्चं दूध बंद केल्यावर त्यांच्यातला ताप झपाट्यानं ओसरला.

आणि मऊ चीजमध्ये दुसरीच भीती असते, लिस्टेरिया नावाच्या जंतूची. बहुतेक जंतू फ्रिजमध्ये गारठतात, हा तिथंही वाढतो. धडधाकट माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत तो पोचतो. १९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला एका कारखान्याच्या मऊ चीजमुळे साथ आली. त्या चीजमध्ये कच्चं दूध मिसळलं गेल्याचा संशय होता. त्या भागात १४२ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले ९३ गरोदर स्त्रिया किंवा त्यांची बाळं होती.

हे सगळं मी नोकरीत असताना वाचलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. घाटात अडकलेल्या गाडीत ते पहिल्यांदा माझ्या घरचं झालं. विक्री आणि वानोळा यांतला फरक कायद्याला कळतो, माणसाला कळतो. जंतूला कळत नाही. ताई-दादांच्या चांगुलपणाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण चांगुलपणाची नळी भरून तिचा रंग बघता येत नाही.

घरी आलो तेव्हा लेक दारातच उभी होती. तिनं पिशवी घेतली, फडकं सोडलं आणि डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ घेतला. ही सुरी घेऊन आली. मी म्हणालो, "कापू नकोस."

ही म्हणाली, "अहो, तीन दिवस हिंडून आणलंत आणि आता कापू नको? पोरीचे डोहाळे मोडू नयेत."

मी काही बोलण्याआधी लेकच म्हणाली, "आई, मी खाणारच नव्हते. तिकडे डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यातच बंद केलंय. जुनं, कडक झालेलं चीज चालतं, हे नाही. मला नुसता वास हवा होता. बाबा खरंच शोधून आणतील असं मला वाटलं नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही खाल्लंत का?"

"एक फोड," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिनं ढेप पुन्हा फडक्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मी कोळवणला परत गेलो. हे जाणं मला पहिल्या तिन्ही फेऱ्यांपेक्षा अवघड गेलं. दिलेल्या वानोळ्याविषयी शंका काढायची म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी एवढंच म्हणालो, "गाईंची ब्रुसेलाची तपासणी कधी केली होती?" दादा म्हणाले, "गाई अगदी चांगल्या आहेत, काका. कुणाला काही नाही." मी म्हणालो, "माल्टाच्या शेळ्याही चांगल्याच होत्या." आणि मग त्यांना तो शेतकरी, तो पेला आणि माझं वाक्य, सगळं सांगितलं. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "करूनच टाकू."

तपासणी फार मोठी नाही. गोठ्यातलं दूध एकत्र करून त्यात रंगवलेले मेलेले जंतू घालतात आणि नळी कोमट ठेवतात. रोगाची खूण दुधात असेल तर वर येणाऱ्या सायीला निळसर कडं दिसतं. त्यांच्या दुधाला कडं आलं. मग पशुवैद्यकांनी आठही गाईंचं रक्त घेतलं. सात निर्दोष निघाल्या, एक नाही. सगळ्यात गरीब, सगळ्यात जास्त दूध देणारी कपिला. वर्षापूर्वी ती बाजारातून आणली होती. तेव्हा तिचा कागद कुणी मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता.

त्या दिवशी ताईंनी फ्रिजमधल्या सगळ्या ढेपा खड्डा काढून चुन्यात पुरल्या. माझ्या पिशवीतलीही गेली. त्यांच्या दोघांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, माझीही झाली, काही आठवड्यांनी पुन्हा झाली. सुदैवानं कुणालाच काही निघालं नाही. ते मधले आठवडे मात्र मला आठवतात. संध्याकाळी जरा अंग कोमट वाटलं की ही थर्मामीटर घेऊन यायची आणि लेक दुसऱ्या खोलीतून विचारायची, "किती आहे?"

मला जास्त आठवतो तो कपिलेचा प्रश्न. गाव म्हणालं, विकून टाका, बाजारात कोण विचारतंय? विकली असती तर पैसे आले असते आणि रोग दुसऱ्याच्या दारात बांधला गेला असता. दादांनी तिला गोठ्यापासून लांब, आंब्याखाली वेगळं छप्पर घालून दिलं. तिचं पाणी वेगळं, गव्हाण वेगळी. तिला पुन्हा गाभण राहू द्यायचं नाही. तिची धार हातमोजे घालून काढतात आणि दूध उकळून खड्ड्यात ओततात. ताई एकदा म्हणाल्या, "तिनं काय केलंय? तिलाही कुणी तरी दिलंच असेल ना." त्यांच्या कालवडींना आता वेळेवर लस टोचली जाते. चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा टोचायची असते. २०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत ती दिली जाते. ज्यांच्या घरी कालवड आहे त्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एवढं विचारावंच.

मार्गशीर्षात आम्हाला नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. आणि फाल्गुनात कोळवणचं दांपत्य बाळाला बघायला आलं. बाळंतविडा आणला होताच, शिवाय फडक्यात गुंडाळलेली एक ढेप. ताई म्हणाल्या, "काका, ६३ अंश, तीस मिनिटं. घड्याळ लावून." चीज लावायच्या दिवशी दुधाचा नमुना माझ्याकडं आला होता आणि मीच तो तपासला होता. नळी पांढरी राहिली होती. त्यांनी परवान्याचे कागदही केले होते. आता विकायचं म्हणत होते.

लेकीनं एक फोड खाल्ली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती प्रामाणिक आहे. म्हणाली, "ते नाही हे. त्यात जे होतं ते यात नाही." ताईंचा चेहरा जरा उतरला. मग तिनं दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. "पण हे चांगलं आहे," ती म्हणाली, "गोठ्याचा नाही, पण साजूक तुपाच्या भांड्याचा वास येतोय याला. हा तिकडे नाही."

आता कोणी मला विचारलं, की आपल्या भागात कच्च्या दुधाचं चीज मिळतं का, तर मी नाही म्हणत नाही. शोधलं तर मिळतं, वानोळा म्हणून मिळतं, आणि चवीला अप्रतिम असतं. मी फक्त विचारतो, ज्या गाईचं दूध आहे तिचा कागद पाहिलात का? किती दिवसांपूर्वीचा आहे? आणि घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस कोण आहे? विचारताना संकोच वाटतो, हे मला मान्य आहे. मलाही वाटला होता. पण जो माणूस खऱ्या मनानं देतो तो या प्रश्नानं दुखावत नाही, हे मी कोळवणला पाहिलं.

लेक मेमध्ये लियोंला परत गेली. जाण्याआधी नातीला घेऊन आम्ही कोळवणला जाऊन आलो. कपिला आंब्याखाली रवंथ करत बसली होती. लेकीनं लांबूनच तिला हात केला. ताईंनी आत बोलावलं आणि सगळ्यांसाठी दूध तापत ठेवलं. बोलण्याच्या नादात ते उतू जायला आलं, तेव्हा आम्ही चौघंही एकदम उठलो.